स्वतःच्याच बदक-टॉनिकचे प्रमाणपत्र रद्द होण्याबाबत

प्रति,
मा. पक्षीपालन विकास अधिकारी,
पक्षीपालन विकास कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.
(उजव्या हाताला मत्स्य विभाग आहे. अर्जदार तिथे दोनदा जाऊन आला. त्यांनी आपुलकीने बसवून घेतले, पण विषय त्यांचा नाही असे सांगितले.)

विषय : बदकांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळावयाच्या ‘जलबळ’ या नैसर्गिक पूरक द्रावणास दिलेले प्रमाणपत्र, ज्याला दिले त्याच्याच विनंतीवरून, चालू महिन्याच्या पंधरा तारखेपूर्वी रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आपले प्रमाणपत्र क्रमांक ४७.
२) सदर प्रमाणपत्राबद्दल अर्जदाराने आपणांस पाठविलेले आभारपत्र, पाने चार. ते शक्य असल्यास परत मिळावे.

महोदय,

हा अर्ज करताना अर्जदाराला लाज वाटत आहे, ही बाब सुरुवातीलाच नमूद केलेली बरी, म्हणजे प्रत्येक कलमात ती पुन्हा लिहावी लागणार नाही. हकिकत खालीलप्रमाणे.

१. अर्जदाराचा मूळ धंदा लेबले छापण्याचा आहे. खोकल्याचे औषध असो, शाई असो की उंदराचे विष असो, बाटलीवरचा कागद अर्जदाराच्या यंत्रातून निघालेला असतो. दुसऱ्यांची औषधे किती गुणकारी आहेत हे तीस वर्षे छापून छापून अर्जदाराचा असा समज झाला की औषधातले आपल्यालाही कळते. हा समज अर्जदाराखेरीज दुसऱ्या कोणाचाही कधी नव्हता. घरामागच्या आवारातली बदके अर्जदाराच्या पत्नीची. ती चौदा वर्षे बदके पाळत आहे. अर्जदाराची त्यांतल्या तीन-चार बदकांशी तोंडओळख होती, तीही त्यांच्याकडून फारशी मनावर घेतली गेलेली नव्हती.

२. दोन वर्षांपूर्वी अर्जदाराच्या यंत्रावर कोंबड्यांच्या एका टॉनिकचे लेबल छपाईला आले. त्यावरचे घटक वाचून अर्जदाराच्या डोक्यात किडा वळवळला, की यात आहे काय एवढे! लसूण, आले, पुदिना, काकवी आणि व्हिनेगर हे सर्व पदार्थ अर्जदाराच्या स्वयंपाकघरात होते. अर्जदाराने ते पत्नीच्या मोठ्या पातेल्यात उकळले, गाळले, बाटलीत भरले आणि ‘जलबळ’ असे नाव दिले. ते पातेले पुढे स्वयंपाकाला चालेनासे झाले, याची नोंद त्या वेळी कुठेही करण्यात आली नाही. द्रावणाला जो वास येई त्याचे वर्णन सरकारी कागदावर करणे अर्जदारास प्रशस्त वाटत नाही. शेजारच्या शिंप्याने आपली मागची खिडकी तेव्हापासून उघडलेली नाही, एवढेच सांगतो.

३. त्यानंतर अर्जदाराने आपल्या कार्यालयाच्या नियमांप्रमाणे चाचणी केली. बदकांच्या पिल्लांचे वीस-वीसचे दोन गट करण्यात आले. ‘अ’ गटाला पाण्यात जलबळ, ‘ब’ गटाला साधे पाणी. खाद्य एकच, आवार एकच, मध्ये जाळी. मुदत बेचाळीस दिवस. ‘ब’ गटाचे पाणी भरण्याची जबाबदारी अर्जदाराने स्वतःकडे घेतली, कारण ते काम सोपे होते. सकाळी एका पसरट ताटलीत पाणी ओतायचे आणि छापखान्यात जायचे. ‘अ’ गटाचे पाणी पत्नीकडे सोपवण्यात आले, कारण जलबळाचा हाताला लागलेला वास साबणाने जात नाही आणि अर्जदाराला गिऱ्हाइकांशी हस्तांदोलन करावे लागते. या वाटणीला संशोधकीय शिस्त असे नाव देऊन अर्जदाराने ती नोंदवहीत लिहिली. पत्नीला नोंदवही दाखवली नाही, कारण तिने मागितली नाही.

४. आपल्या कार्यालयाचे पर्यवेक्षक तीन वेळा येऊन पिल्लांचे वजन करून गेले. बेचाळिसाव्या दिवशी ‘अ’ गटाचे बदक ‘ब’ गटाच्या बदकापेक्षा सरासरी तीनशे दहा ग्रॅमनी जड भरले. त्यांचे डोळे टपोरे, पिसे लखलखीत. ‘ब’ गटाची मात्र नाके चोंदलेली, डोळ्यांच्या कडांना चिकटा, पिसे मातकट. पर्यवेक्षकांनी तराजू दोनदा तपासला. अर्जदाराची छाती इतकी फुगली की त्या दिवशी वजन केले असते तर तोही ‘अ’ गटात गेला असता.

प्रमाणपत्र मिळाले. आपल्या कार्यालयाने भरवलेल्या मेळाव्यात अर्जदाराला ‘पाण्यातून आरोग्य’ या विषयावर बोलण्यास दहा मिनिटे देण्यात आली, अर्जदार चाळीस मिनिटे बोलला. बदकाची प्रकृती, पाण्याचे महत्त्व, निसर्गाची किमया असे जे जे सुचले ते अर्जदाराने सांगितले. चौदा वर्षे बदके पाळणारी व्यक्ती त्या वेळी मंडपाच्या मागे बाटल्यांची खोकी सांभाळत उभी होती. तिला पुढे बोलवावे असे अर्जदाराला सुचले नाही. ही गोष्ट आज सर्वांत जास्त टोचते, म्हणून ती वेगळ्या परिच्छेदात लिहिली आहे.

५. आता लेबलाविषयी. अर्जदाराच्या कसबाचा मान राखून हे कलम सावकाश वाचावे ही विनंती.

वापराच्या सूचना अर्जदाराने प्रथम लिहिल्या तेव्हा त्या अकरा ओळींच्या होत्या. त्यांत ‘पाणी वारंवार बदलावे, भांडे घासून घ्यावे’ अशा दोन ओळी होत्या. अनुभव म्हणून नव्हे, तर ज्या कोंबडीच्या लेबलावरून अर्जदाराने नक्कल केली त्यावर त्या होत्या म्हणून. परंतु बाटली लहान. लेबल जुळवायला घेतले तेव्हा मधोमध ‘जलबळ’ हे नाव ठसठशीत टाइपात आले. त्याखाली ‘शासनमान्य’. उजवीकडे अर्जदाराचे छायाचित्र, काखेत बदक. (बदक नाराज दिसते. ते तेव्हाच ओळखायला हवे होते.) एवढे बसवल्यावर सूचनांना दोन ओळींची जागा उरली. तीस वर्षे दुसऱ्यांचा मजकूर जागेत बसवणाऱ्या अर्जदाराने सराईत हाताने नऊ ओळी उडवल्या आणि उरलेल्या दोन ओळी गिऱ्हाइकाला आवडतील अशा केल्या : ‘सकाळी एकदा पाण्यात घाला. दिवसभर पाणी बदलण्याची गरज नाही.’

या दोन ओळी जुळवून झाल्यावर अर्जदाराने यंत्रावरच्या कामगाराला चहा पाजला होता, इतका तो स्वतःवर खूश होता.

६. पहिल्या खोक्यातल्या सहा बाटल्या अर्जदाराने आपल्या थोरल्या बहिणीला नेऊन दिल्या. तिच्याकडे चाळीस पिल्ले होती. तिच्या यजमानांच्या पश्चात तिने हौसेने आणि जिद्दीने हा उद्योग मांडला होता. भावाचा फोटो असलेली बाटली तिने येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. अठराव्या दिवशी तिचा निरोप आला, की वेळ मिळेल तेव्हा येऊन जा. बहिणीचा स्वभाव असा, की घराला आग लागली तरी ती वेळ मिळेल तेव्हा येऊन जा असेच सांगेल.

अर्जदार गेला तेव्हा सात पिल्ले मेली होती आणि बारा मान टाकून बसली होती. पाण्याच्या भांड्यात तपकिरी, दाटसर काहीतरी होते, वर साय, सायीवर माश्या. काकवी उन्हात आंबली होती. पिल्ले तहानेने त्यात चोच घालत होती आणि मान झटकत होती. अर्जदाराने बहिणीला, हे पाणी कधीचे, असे विचारले. ती म्हणाली, सकाळचे. अर्जदाराचा तोल गेला. पाणी इतके खराब झालेले दिसत असताना बदलता येत नव्हते का, असे तो थोरल्या बहिणीला तोंड वर करून बोलला.

तिने बाटली आणून अर्जदाराच्या हातात दिली आणि म्हणाली, “मला दिसत होतं रे. पण तू लिहिलं होतंस, म्हणून नाही बदललं.”

महोदय, अर्जदार आजवर अनेक गोष्टी छापत आला. त्या कोणी वाचतो, वाचून खऱ्या मानतो आणि स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त खऱ्या मानतो, हे अर्जदाराला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. अर्जदार तिथेच पायरीवर बसून रडला. बहिणीने उलट त्याचीच समजूत घातली आणि पाणी आणून दिले. साधे.

७. घरी परतल्यावर अर्जदाराने पत्नीला विचारले, की हेच जलबळ आपल्या ‘अ’ गटाला का बाधले नाही. ती त्या वेळी बदकांची भांडी घासत होती. तिने जे सांगितले ते अर्जदार जबाब म्हणून जसेच्या तसे सादर करतो.

पहिले आठ दिवस तिने सांगितल्याप्रमाणे सकाळी जलबळ घातले. दुपारपर्यंत पाण्यावर तवंग येई, वास मारी, पिल्ले तोंड लावीत ना. मग ती ते ओतून देई, भांडे घाशी आणि साधे पाणी भरी. पिल्ले पाण्यात चोच धुतात, खाद्य कालवतात, दोन तासांत पाण्याचा चिखल करतात, म्हणून ती दर दोन तासांनी पाणी बदले. ताटली पसरट असली तर बदकाला नाक-डोळे बुडवून धुता येत नाहीत आणि मग ते चोंदतात, म्हणून तिने आपले मघाशी उल्लेख केलेले, स्वयंपाकातून बाद झालेले खोल पातेले त्यांना दिले. नवव्या दिवसापासून तिने जलबळ पाण्यात घालणे बंदच केले. ठरवून नाही, पिल्ले पीत नाहीत तर कशाला घालायचे म्हणून. ‘ब’ गटाकडे तिने लक्ष दिले नाही, कारण अर्जदाराने त्या गटाला हात लावायचा नाही, शास्त्र बिघडते, अशी तंबी दिली होती. तिला ‘ब’ गटाची दया येई. अर्जदार छापखान्यात गेल्यावर ती जाळीजवळ उभी राही आणि परत फिरे.

मग बेचाळीस दिवस जलबळाच्या बाटल्या संपत कशा होत्या, असे अर्जदाराने विचारले. तिने सांगितले, की पाण्याच्या भांड्यांना जो हिरवा बुळबुळीत थर धरतो तो त्याने फार छान निघतो.

अर्जदाराने शेवटचे विचारले, की हे आधी का सांगितले नाहीस. यावर तिने घासलेले भांडे पालथे घातले. मग म्हणाली, “तुम्ही विचारलं कुठं? आणि वजन करताना इतके आनंदात होता, मी कशाला मोडता घालू? मला वाटलं, बाटलीवर लिहाल की पाणी बदला म्हणून. एवढं तर कोणीही लिहील.”

८. तात्पर्य, प्रमाणपत्र क्रमांक ४७ अन्वये वाढीचा जो गुण लसूण, आले, पुदिना, काकवी व व्हिनेगर यांना देण्यात आला आहे, तो वस्तुतः स्वच्छ पाणी, खोल भांडे आणि अर्जदाराची पत्नी यांचा आहे. हे आपल्या कार्यालयास कळवण्यासाठी अर्जदार गेल्या आठवड्यात तीन वेळा आला. कोणाचीही तक्रार करण्याचा हेतू नाही, फक्त घडले ते लिहितो.

पहिल्या दिवशी आवक लिपिकांनी रद्दीकरणाचा नमुना दिला. त्यात ‘तक्रारदार’ आणि ‘ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो’ असे दोन रकाने आहेत. अर्जदाराने दोन्हींत स्वतःचे नाव लिहिले. लिपिकांनी नमुना परत केला आणि दोन निरनिराळी माणसे आणा असे सांगितले. अर्जदाराने बहिणीला तक्रार करण्याची विनंती केली. ती म्हणाली, भावाविरुद्ध सही करणार नाही, हवे तर आणखी दोन पिल्ले मेली तरी चालतील. पत्नीला विनंती केली. तिने घरातले धुणे सरकारात धुवायला ठाम नकार दिला.

दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकांनी अर्जदाराला खांद्यावर हात ठेवून समजावले, की यशाच्या शिखरावर माणसाला अशी धास्ती वाटतेच. जलबळाने गुण येत नाही असे म्हणायचे असेल तर तेही चाचणीनेच सिद्ध करावे लागेल. मुदत बेचाळीस दिवस. अर्जदाराने विचारले, तोवर पिल्लांचे काय? त्यावर पर्यवेक्षकांनी, तोवर प्रमाणपत्र चालू राहील, काळजी नसावी, असे आश्वासन दिले.

तिसऱ्या दिवशी अर्जदार खाली भांडारात गेला. येत्या पंधरा तारखेला आपले कार्यालय दीडशे कुटुंबांना प्रत्येकी वीस, अशी तीन हजार पिल्ले वाटणार आहे आणि प्रत्येक घरामागे जलबळाची एक बाटली भेट देणार आहे. दीडशे बाटल्या रचून ठेवल्या आहेत. प्रत्येक बाटलीवर अर्जदार काखेत बदक घेऊन हसतो आहे. दीडशे वेळा. अर्जदाराने भांडारपालांना हात जोडून बाटल्या परत मागितल्या. एकदा आवक झालेला माल आदेशाशिवाय जावक होत नाही, असे ते म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. जाता जाता त्यांनी अर्जदाराला ओळखले व आपल्या मेहुण्यासाठी एक बाटली मिळेल का असे विचारले.

महोदय, अर्जदाराला दंड चालेल, मेळाव्यात पुन्हा उभे करून सर्वांसमक्ष कान धरायला लावले तरी चालेल. पण ही दीडशे घरे बाटली वाचतील. पाण्यावरच्या माश्या त्यांना दिसतील आणि तरी ती पाणी बदलणार नाहीत, कारण वर ‘शासनमान्य’ आहे आणि खाली अर्जदाराने लिहिले आहे. याची अर्जदाराला मनापासून भीती वाटते. बहिणीच्या त्या बारांपैकी चार आणखी गेली. उरलेली, पाणी बदलू लागल्यावर, उठून चालू लागली आहेत.

९. काल संध्याकाळी अर्जदार हा अर्ज लिहीत बसला असता पत्नीने चौकशी केली आणि प्रमाणपत्राचा कागद प्रथमच वाचायला मागितला. तिने तो मागच्या बाजूसह वाचला. अर्जदाराने मागची बाजू कधी पाहिली नव्हती, कारण चौकटीत लावल्यावर ती भिंतीकडे असते. तिथे अट क्रमांक ६ अशी आहे : ‘वापराच्या सूचनांमध्ये उत्पादकास केव्हाही सुधारणा करता येईल. त्यासाठी कार्यालयाच्या मंजुरीची आवश्यकता नाही, मात्र तसे कळविणे बंधनकारक राहील.’

म्हणजे प्रमाणपत्र रद्द करण्यास दोन निरनिराळी माणसे, एक नमुना व बेचाळीस दिवस लागतात. सूचना बदलण्यास फक्त एक लेबल लागते, आणि लेबल हीच काय ती एक गोष्ट अर्जदाराला खरोखर करता येते. हे पत्नीच्या लक्षात आले. अर्जदाराच्या आले नाही.

त्यानुसार अर्जदाराने आज सकाळी छापखाना इतर कामांसाठी बंद ठेवून दीडशे नवी लेबले छापली आहेत. यात अर्जदाराचे छायाचित्र काढून टाकल्याने सूचनांना ऐसपैस जागा झाली. मजकूर पत्नीने सांगितला. अर्जदाराने तो सरकारी भाषेत घालण्याचा प्रयत्न केला असता तिने दोनदा खोडला, म्हणून तो तिच्याच शब्दांत आहे.

सबब विनंती की,

(क) प्रमाणपत्र क्रमांक ४७ रद्द करावे;

(ख) ते नियमात बसत नसल्यास ते राहू द्यावे, परंतु भांडारपालांना असा तोंडी का होईना आदेश द्यावा, की अर्जदार व त्याची पत्नी चौदा तारखेस सकाळी डिंकाचा डबा घेऊन येतील, त्यांना दीडशे बाटल्यांपाशी बसू द्यावे;

(ग) हेही नियमात बसत नसल्यास, अट क्रमांक ६ अन्वये कळविणे एवढेच बंधनकारक असल्याने, हा अर्ज म्हणजेच ते कळविणे समजावे. पंधरा तारखेला आम्ही दोघे वाटपाच्या फाटकाशी उभे राहू आणि प्रत्येक बाटलीवर लेबल चिकटवू. हे सरकारी कामात अडथळा ठरत असल्यास त्याची पूर्वसूचनाही हीच समजावी. बोलण्याचे काम या वेळी अर्जदार करणार नाही. ती करेल.

आपला,
आता पुरेसा नम्र झालेला,

(सही)
अर्जदार, उत्पादक ‘जलबळ’

दिनांक : चालू महिन्याची सहा तारीख

सोबत :
१) प्रमाणपत्र क्रमांक ४७, मूळ प्रत, चौकटीसह.
२) चाचणीची नोंदवही. ‘अ’ गटाच्या पानांवर ‘जलबळ दिले’ हे शब्द नवव्या दिवसापासून खोडून वर ‘पाणी बदलले’ असे लिहिले आहे. अक्षर पत्नीचे.
३) नव्या लेबलाचा नमुना, ज्यावरील मजकूर असा :

‘ही बाटली बदकांना पाजायची नाही. हिने पाण्याचं भांडं घासा आणि नीट धुऊन घ्या. मग साधं पाणी भरा, नाक बुडेल एवढं. पाणी गढूळ झालं की बदला. कंटाळा आला तरी बदला. बाटलीवर काही का लिहिलेलं असेना, आधी पिल्लांकडे बघा.’